केस गळतो की तुटतो, ते आधी बघ

पोरी, "आजी, केस फार जातात गं, काय लावू?" असं तू विचारलंस. काय लावायचं ते मी सांगीनच, पण आधी कंगव्यात अडकलेले केस फेकून देऊ नकोस. त्यातले दहा-बारा घे, काळ्या ओढणीवर एकेक सरळ पसर आणि खिडकीच्या उजेडात त्यांची दोन्ही टोकं बघ. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, तर तो केस मुळापासून सुटून आलेला आहे. तो गळला. दोन्ही टोकं नुसतीच असली, लांबी बाकीच्या केसांच्या निम्मी असली आणि टोकाला फाटे फुटले असले, तर तो मधेच तुटला. गळण्याचं कारण बहुतेक वेळा शरीराच्या आत असतं. तुटण्याचं कारण न्हाणीघरात आणि आरशापुढे असतं. दोन्हींवर एकच बाटली ओतणाऱ्या बायका मी उपकेंद्रात नर्सबाई होते तेव्हापासून पाहत आलेय. त्यांचे पैसे गेले आणि केसही गेले.

आधी गळण्याचं बोलू. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं ही साधी गोष्ट आहे. तुझे केस कुरळे, तू आठवड्यातून दोनदा न्हातेस आणि मधल्या दिवसांत विंचरत नाहीस. त्यामुळे सुटलेले केस आतच अडकून राहतात आणि न्हाताना एकदम मूठभर हातात येतात. ते तीन-चार दिवसांचे साठलेले असतात, हे ध्यानात घे आणि मगच घाबर.

डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग तो तीनेक महिने नुसता थांबतो आणि गळून पडतो, त्याच जागी दुसरा येतो. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून वजन उतरवणं, की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकाच वेळी थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून जातात. म्हणून केस गळायला लागले की कालचा शाम्पू आठवू नये, तीन महिने मागे जाऊन बघावं. तुला डेंगी झाला पोळ्याच्या सुमारास आणि केस जायला लागले दिवाळीनंतर. हिशेब चोख बसतो. बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस जातात, असं आपल्याकडे बायका म्हणतात, त्यातली वेळ त्यांनी बरोबर धरली आहे. बाळंतपणानंतरचा तिसरा-चौथा महिना असतो तो. या गळतीला औषध नसतं, जेवण आणि धीर लागतो. सहा-आठ महिन्यांत कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे नवे केस उभे राहिलेले दिसतील. ते दिसले की समज, गाडी रुळावर आली.

गळती सहा महिन्यांनंतरही थांबली नाही तर रक्त तपासून घे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर केसांना खुराक मिळणार कुठून? शरीर आधी काळजाला आणि मेंदूला पुरवतं, केस त्याच्या यादीत शेवटी. डॉक्टरांना फेरिटिनही बघायला सांग, कारण कधी कधी हिमोग्लोबिन ठीक असतं आणि लोहाचा साठा रिकामा असतो. थायरॉइड बघ. आपण शाकाहारी, म्हणून बी-१२ बघ. पाळी पुढे-मागे होत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि भांग रुंद होत असेल, तर तेही डॉक्टरला मोकळेपणानं सांग, लाजू नकोस.

शाळेत तुम्हाला दर आठवड्याला निळी गोळी मिळायची, आठवते? त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती जेवणानंतर घ्यायची. तिच्या मागोमाग चहा पिऊन तिचा फायदा घालवायचा नाही, चहातलं टॅनिन लोहाला आतड्यात शोषू देत नाही. तासभर थांबायचं. उलट आंबट फळ सोबत खाल्लं तर लोह जास्त अंगी लागतं. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या बागांमधून संत्र्याचे ट्रक भरभरून बाहेर जातात आणि इथल्या पोरी त्याचा रस डोक्याला चोळतात. रस डोक्याला चोळू नकोस. टाळू चुरचुरते आणि आंबट रस लावून उन्हात गेलं तर कातडीवर डाग पडू शकतात. संत्रं खा. अळिवाचा लाडू खा, अंबाडीची भाजी खा, आणि वर एक संत्रं.

शेगावच्या बाजूचं प्रकरण तू वाचलं असशीलच. २०२४ चा डिसेंबर संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधे माणसांचे केस अचानक जायला लागले. आधी खाज, मग केस ओढला की हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पुरुष, लेकरं, कुणी सुटलं नाही. लोकांनी आधी शाम्पूला दोष दिला, मग बोरच्या पाण्याला, आणि कुणीतरी 'टक्कल व्हायरस' असं नाव काढून भीती आणखी वाढवली. पुढे आयसीएमआरचे लोक आले, रक्त-लघवीचे नमुने गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांना सगळं जग ओळखतं त्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तिथला रेशनचा गहू तपासून घेतला आणि त्यात सेलेनियम बेसुमार असल्याचं सांगितलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की केस आणि नखं जातात. तिथे कुणी कितीही चांगलं तेल लावलं असतं तरी काय उपयोग झाला असता? केस गळणारी तू घरात एकटी नसशील, दोघं-चौघं मिळून एकदम गळत असतील, तर गावच्या आरोग्य कार्यकर्तीला त्याच दिवशी कळव. सगळे काय खातात-पितात ते बघायला लागतं.

आता तुटणाऱ्या केसांचं. तुझं खरं दुखणं हेच आहे, असं मला तुझ्या फोटोवरून वाटतं. वरचे केस दाट आणि खाली कमरेकडे विरळ, म्हणजे केस येताहेत पण टिकत नाहीत.

केसावर एक बारीक कवच असतं, कौलं जशी एकावर एक बसवलेली असतात तसं. कुरळा केस जिथे जिथे वळतो तिथे ही कौलं थोडी उचललेली असतात. टाळूचं तेलही त्या वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून कुरळ्या केसांचं मूळ तेलकट आणि शेंडा कोरडा. सरळ केसांच्या मैत्रिणीचे उपाय तुला लागू पडत नाहीत, ते यामुळे. तुझे केस खराब नाहीत. ते वेगळे आहेत आणि त्यांना वागवण्याची रीत वेगळी आहे.

पहिली गोष्ट पाणी. तुमच्या हॉस्टेलला बोरचं पाणी येतं. साबण लावला की फेस कमी आणि बादलीत पांढरट साय जास्त, असं होतं ना? ते जड पाणी. जमिनीतल्या खडकातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. आपल्याकडचे खडकही असेच, भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या सौंसरच्या नावानं खडकांचा अख्खा समूह आहे, त्यात मँगनीज आहे तसा संगमरवरही. अशा पाण्यात अंगाच्या साबणानं डोकं धुतलं की साबणाची साय केसांवर चिकटून बसते आणि केस राठ होतो. म्हणून डोक्याला अंगाचा साबण कधीच नाही. पाणी उकळून रात्रभर निवू दे, पांढरा साका तळाशी बसतो, वरचं पाणी शेवटच्या धुण्याला घे. सगळं जडपण जात नाही, पण फरक पडतो. नाहीतर एक लिटर पाण्यात चहाचा एकच चमचा व्हिनेगर घालून ते शेवटी केसांवरून ओतायचं. एकच चमचा, पोरी. जास्त आंबट म्हणजे जास्त गुण, असं नसतं. पावसाळ्यात घरी आलीस की पन्हाळीचं पाणी धर, त्यात धुतलेले केस हातालाच सांगतील.

दुसरी गोष्ट तेल. न्हायच्या आधी लावायचं, नंतर थापायचं नाही. नरकचतुर्दशीला आपण आधी तेल चोळतो आणि मग न्हातो, ती रीत केसांच्या बाबतीत खरी आहे. केस पाण्यात भिजला की फुगतो, वाळला की आकसतो आणि पुन्हा पुन्हा तसं होऊन आतून कमजोर होत जातो. नारळाचं तेल केसाच्या आत शिरतं आणि ते फुगणं कमी करतं. २००३ साली मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी नारळाचं, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल अशी तिन्ही तेलं केसांवर तपासून पाहिली. केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी केलं ते फक्त नारळाच्या तेलानं. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलंच होतं, हे मी तुझ्यापासून लपवत नाही, पण प्रयोग नीट केलेला आहे आणि माझ्या हाताचा अनुभवही तोच आहे. न्हायच्या आदल्या रात्री, नाहीतर निदान दोन तास आधी, दोन चमचे तेल तळहातावर घेऊन कानाच्या खालच्या केसांना लाव. टाळूला बोटं फिरवण्यापुरतं पुरे.

तेल घेताना बाटलीमागची बारीक अक्षरं वाच. 'लाइट लिक्विड पॅराफिन' लिहिलं असेल तर ते खनिज तेल, केसाच्या वरच राहतं. शुद्ध खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्या मार्गशीर्षातल्या थंडीत नुसत्या खोबरेलाची म्हणून घेतलेली बाटली थिजली नाही, तर मागची अक्षरं पुन्हा वाच. थिजलेली बाटली गरम पाण्याच्या वाटीत ठेव, गॅसवर नको.

तिसरी आणि मोठी गोष्ट, गुंता. कुरळे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत, एवढं पाळलंस तरी निम्मं तुटणं थांबेल. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. फेस खाली उतरतो तेवढा केसांना पुरतो. मग कंडिशनर कानाखालच्या केसांना भरपूर लाव, टाळूला नको, आणि ते डोक्यावर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं शेंड्यापासून सुरुवात कर. आधी खालची चार बोटं मोकळी, मग त्याच्या वरची चार, असं करत मुळापर्यंत जा. मुळापासून खाली ओढलंस की सगळा गुंता शेंड्याला जमा होतो आणि तिथे केस तुटतो. गाठ लागली तर डाव्या हातानं तिच्या वरचा केस धरून ठेव, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. घरात आहे ती फणी या कामाला घेऊ नकोस, ती उवांसाठी.

कंडिशनर हॉस्टेलात संपलं तर जास्वंदीची दहा-बारा पानं कोमट पाण्यात भिजवून चुरून घे. बुळबुळीत पाणी निघतं, ते गाळून लाव. गुंता त्यानंही सुटतो.

न्हाल्यावर केस टॉवेलनं खसाखसा पुसायचे नाहीत. जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा मी तुझ्या पिशवीत टाकलाय, त्यानं केस खालून वर मुठीत धरून पाणी टिपून घे. आणि मग जवस.

जवसाची चटणी आपल्या घरी रोज असते, पण त्याचं पाणी केसांना किती कामाचं आहे ते पुष्कळांना ठाऊक नसतं. पाव कप जवस आणि दोन कप पाणी एका पातेल्यात मध्यम आचेवर ठेव आणि सारखं ढवळत राहा, नाहीतर दाणे तळाला धरतात. सातव्या-आठव्या मिनिटाला वर पांढरा फेस येतो आणि पाणी घट्ट दिसायला लागतं. चमचा वर उचल. पाणी थेंबथेंब पडत असेल तर आणखी थांब, तार लोंबायला लागली की लगेच गॅस बंद कर. तसंच उकळत ठेवलंस तर ते इतकं घट्ट होतं की कापडातून गळतच नाही. गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळ, कापडाचं तोंड पिळून चिमट्यानं दाबत दाबत, हात भाजू देऊ नकोस. निवल्यावर बरणीत भर. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की फेकून दे. ओल्याच केसांना दोन चमचे लाव, बोटांनी केस मुठीत चुरमड, आणि पुरते वाळेपर्यंत हात लावू नकोस. वाळले की केस कडक लागतील. तेव्हा दोन थेंब खोबरेल तळव्याला चोळून पुन्हा एकदा चुरमड, कडकपणा जातो आणि बटा राहतात. पांढरे कण दिसले तर समज, जास्त लावलंस. दोन-चारदा करून बघितलंस की तुझ्या केसांचं माप तुला कळेल. गाळलेले दाणे टाकू नकोस, भाकरीच्या पिठात मळ.

रात्री सैल वेणी घाल. जुन्या रेशमी साडीचा अभ्रा उशीला चढवलास तर केस घासत नाहीत. ओले केस बांधून ठेवायची सवय मात्र मोड, पावसाळ्यात तर नक्की. ओल्या अंबाड्यात एक बुरशी वाढते आणि केसांवर मऊ पांढऱ्या गाठी येतात. पोरींना वाटतं लिखा झाल्या. बोटांच्या चिमटीत धरून ओढून बघ. कोंडा झटकला की उडतो, बुरशीची गाठ सरकते, आणि लीख केसाला चिकटून बसते, हलत नाही.

घट्ट वेणीचंही तसंच. कानशिलाजवळ केस मागे सरकायला लागले, तिथे ओढल्यासारखं दुखायला लागलं, की वेणीची जागा बदल. वर्षानुवर्षं ओढ बसली तर तिथला केस परत येत नाही.

कोंड्याचं थोडक्यात सांगते. टाळूवर राहणारी एक बुरशी टाळूच्याच तेलावर जगते, ती फार वाढली की कोंडा होतो. म्हणून कोंडा असताना टाळूला तेल थापून ठेवणं म्हणजे तिला जेवू घालणं. कीटोकोनाझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू औषधाच्या दुकानात मिळतो. तो टाळूला लावून पाच मिनिटं ठेव, मग धू, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. बहुतेक बाया लावल्याबरोबर धुऊन टाकतात आणि औषध वाईट म्हणतात. भुवया आणि नाकाच्या बाजूही सोलत असतील किंवा जाड पांढरे खवले येत असतील तर कातडीच्या डॉक्टरला दाखव.

उवांबद्दल जरा नीट ऐक, कारण तुझ्या खोलीत चौघी एकाच आरशापुढे विंचरतात. ऊ उडत नाही की उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत येते. घाणेरड्या मुलीलाच होते, हेही खोटं. तिची अंडी सात ते दहा दिवसांत फुटतात. त्यामुळे औषध एकदा लावून भागत नाही. परमेथ्रिन १ टक्क्याचं लोशन धुतलेल्या ओलसर केसांना लाव, दहा मिनिटांनी धू, आणि आठ-नऊ दिवसांनी पुन्हा लाव. चौघींनी एकाच दिवशी लावायचं. मधल्या दिवसांत दर तिसऱ्या दिवशी ओल्या केसांना कंडिशनर लावून फणी फिरव, आणि प्रत्येक फेरीनंतर फणी पांढऱ्या कापडावर पूस, म्हणजे काय निघालं ते दिसतं. तुझ्या केसांना फणी लागत नाही, पण उवांच्या वेळी लागतेच. आधी गुंता पूर्ण काढ, मग छोट्या छोट्या बटा घेऊन मुळापासून ओढ. अभ्रे गरम पाण्यात धुवा.

घासलेट नको. आणि कपाशीवरचं, संत्र्यावरचं औषध तर मुळीच नको. आपल्या भागात घराच्या कोनाड्यात फवारणीची बाटली असते आणि आई बिचारी उवांना कंटाळून थोडंसं तेलात कालवून पोरीच्या डोक्याला लावते. टाळूतून ते अंगात भिनतं. लाळ गळायला लागते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पराटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, ते तर मोठे धडधाकट गडी होते. कुणी असं लावलेलं दिसलं तर डोकं लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं, कपडे बदलायचे, बाटली सोबत घ्यायची आणि थेट दवाखाना.

डोक्यावर अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. कातडी साफ असते, खाज नसते. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून होतं. गुंज उगाळून लावायला सांगणारे भेटतील. गुंज विषारी आहे, कातडी सोलवटते, तोंडात गेली तर जिवावर येतं. डॉक्टर तिथे बारीक इंजेक्शनं देतात किंवा मलम देतात, पुष्कळदा केस परत येतात. लहान मुलाच्या डोक्यावर मात्र खपल्या, खाज आणि तुटके खुंट दिसले तर तो खवडा, म्हणजे बुरशी. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून गोळी द्यावी लागते.

तुझ्या वहिनीला सांग, बाळाचं जावळ देवस्थानी काढायचं असेल तर नवं पातं आपण घेऊन जायचं आणि न्हाव्यासमोर फोडायचं. जावळानं केस दाट होतात असं नाही. मूळ कातडीखाली असतं, पात्याला त्याचा पत्ताही नसतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून केस जाड भासतो. श्रद्धेनं जावळ काढा, दाट केसांसाठी म्हणून दोनदा-तीनदा लेकराचं डोकं खरवडू नका. आणि आपल्या जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आलात की अंगारा-शेंदूर बाळाच्या टाळूला चोळू नका. पारंपरिक शेंदरात शिसं असतं, आणि लेकराचं बोट डोक्यावरून थेट तोंडात जातं. निजलेल्या मारुतीचा शेंदूर त्याच्याच अंगावर शोभतो. आपण हात जोडावेत आणि घरी येऊन हात धुवावेत. ज्या बाया शेंदरानं भांग भरतात त्यांना भांगाच्या रेघेवर खाज आली, केस विरळ झाले, तर कारण तिथेच शोधावं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. कुणाच्या केसांत जट आली, तर ती देवीची नसते. ताप, बाळंतपण, दुःख यांत महिनोन्‌महिने केस विंचरले गेले नाहीत, तेल आणि धूळ बसली, की केस एकमेकांत अडकून गठ्ठा होतो. मग कुणीतरी म्हणतं, कापलीस तर कोप होईल, आणि ती बाई मान दुखत, उवा चावत, तोंड लपवत जगते. पुण्याच्या नंदिनी जाधव आधी ब्यूटी पार्लर चालवायच्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात आल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन बायकांच्या जटा कापल्या. त्यातल्या कुणावर कोप झाला नाही. मी एकीची सोडवली होती, हाताएवढीच होती म्हणून सुटली. खोबरेल रात्रभर मुरवलं आणि शेंड्यापासून जाड सुईनं एकेक धागा मोकळा करत बसले, ती बाई पूर्ण वेळ माझा गुडघा धरून होती. मोठी असेल तर कातरच घ्यावी, पण आधी तिच्याशी आणि घरच्यांशी बोलावं, तिचा होकार तिच्या तोंडून यावा, आणि कापल्यावर चार दिवस रोज तिच्याकडे जावं. त्या चार दिवसांत घरात कुणाला साधा ताप आला तरी तिला कापरं भरतं.

आता दादाच्या लग्नाचं. केस सरळ करून घ्यायचे म्हणतेस. रीबाँडिंगमध्ये केसाच्या आतले बंध तोडून नव्यानं जोडतात. त्याचा परिणाम आहे त्या केसांवर होतो, महिन्याला सेंटिमीटरभर कुरळा केस मुळातून येतच राहतो, आणि सरळ-कुरळ्याच्या सांध्यावर केस पटापट तुटतो. केराटिन म्हणून जे करतात त्यातल्या काहींत गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं, त्यानं इस्रायलमधे आणि फ्रान्समधे बायकांची किडनी बिघडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. पार्लरवालीला डबा दाखवायला सांग. ती दाखवत नसेल तर उठून ये. तुझ्या मनाला सरळ केस हवेच असतील तर त्या एका दिवसापुरते ब्लो ड्राय करून घे. पण तुझ्या बटा जवसानं नीट बसवलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यांवर गजरा फार शोभतो.

आईला मेंदी लावायची असेल तर लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजव, आवळ्याची पूड घाल. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड मिळून काळा रंग धरतो. मेंदीनं केस कोरडे होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तेल. दुकानातली 'काळी मेंदी' मात्र मेंदी नसते, तिच्यात पीपीडी नावाचं रसायन असतं. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा. खाज, फोड, पापण्या सुजणं यातलं काही झालं तर तो डबा घरात ठेवू नका. हे लग्नाच्या आधी निदान पंधरा दिवस करा. हळदीच्या आठवड्यात डोक्याला नवीन काहीही लावायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. येताना मोठ्या दातांचा कंगवा आण, मी जवस निवडून ठेवते.